धाडस आणि दक्षता : एका विमानपथकाची कथा



युद्धाच्या इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे वक्त्यापुढे एक मोह उभा राहतो. विजयाच्या कथा सांगाव्या, तोफांचे गडगडाट ऐकवावे आणि टाळ्या घेऊन खाली बसावे. तो मोह आज मी आवरणार आहे. दुसऱ्या महायुद्धातील इंग्रजांच्या लढाऊ विमानपथकांपैकी पुष्कळांची नावे १९४० च्या उन्हाळ्यात लंडनच्या आकाशात गाजली. मी ज्या पथकाची हकिगत सांगणार आहे त्याची कसोटी मात्र त्याआधी दोन-तीन महिने, दूर उत्तरेस, नॉर्वेच्या किनाऱ्यावर लागली. हे पथक म्हणजे इंग्रजी विमानदलाचे पथक क्रमांक ४६. त्याने आपली दहा विमाने, कोणी करून पाहिले नव्हते असे धाडस करून वाचविली. आणि पुरता एक दिवस उलटतो न उलटतो तोच ती दहाही विमाने आणि ती आणणाऱ्या दहा वैमानिकांपैकी आठ जण समुद्राने गिळले. हे का घडले, आणि दोष कोणाच्या पदरी घालावा, या प्रश्नाचा विचार आज आपणांस करावयाचा आहे.

आधी पथक म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. डझन-दीड डझन विमाने, वीस-पंचवीस वैमानिक, आणि त्यांच्यामागे राबणारे शंभरावर यंत्रज्ञ व मदतनीस, असा तो एक संसारच असतो. ४६ व्या पथकाचा हा संसार १९१६ साली, पहिल्या महायुद्धात मांडला गेला. युद्ध संपल्यावर तो मोडला आणि हिटलरची सावली युरोपवर पडू लागली तेव्हा, १९३६ साली, पुन्हा मांडला गेला. १९३९ साली या पथकाला हरिकेन जातीची नवी विमाने मिळाली. पंखांत आठ मशिनगन आणि वेग ताशी तीनशे मैलांच्या वर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर जर्मन समुद्री विमानांशी त्यांची पहिली झटापट होऊन पथकाने यश मिळविले. तोवर सारे ठीक चालले होते.

९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. या डोंगराळ, बर्फाळ देशात जर्मनीचा जीव कशासाठी गुंतावा? उत्तर लोखंडात आहे. स्वीडनच्या उत्तर भागातील लोहखनिज हिवाळ्यात बाल्टिक समुद्र गोठला की नॉर्वेच्या नारविक बंदरातून जर्मनीला जात असे. नारविक ज्याच्या हाती त्याच्या हाती ही लोखंडाची नाडी. म्हणून दोस्तांनीही तेथे फौजा उतरविल्या. परंतु डोक्यावर आपली विमाने नसतील तर भूसेनेचे काय हाल होतात, हे लवकरच कळून आले. एप्रिलअखेरीस २६३ व्या पथकाची अठरा जुनी दुपंखी ग्लॅडिएटर विमाने लेस्यास्कोग या गोठलेल्या सरोवरावर उतरविण्यात आली. जर्मन बाँबफेकी विमानांनी दोन दिवसांत त्यांपैकी बहुतेकांची वाट लावली. मे महिन्यात हेच पथक नवी विमाने घेऊन परत आले आणि त्याच्या जोडीला २६ मे रोजी आले ४६ वे पथक.

‘ग्लोरियस’ नावाच्या विमानवाहू नौकेवरून ही हरिकेन विमाने किनाऱ्याकडे उडाली. प्रथम ती स्कॉनलांड येथे उतरली. तेथील जमीन इतकी भुसभुशीत, की चाके रुतून काही विमाने नाकावर कलंडली, आणि त्यांत खुद्द पथकप्रमुख केनेथ क्रॉस यांचेही विमान होते. तेव्हा पथक बार्डुफॉसच्या तळावर हलले. उत्तर नॉर्वेत त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. रात्र नाही म्हणजे विसावा नाही. वैमानिकांना केव्हाही उठून आकाशात झेपावावे लागे. या छत्राखाली २८ मे रोजी फ्रेंच, नॉर्वेजियन आणि पोलिश सैनिकांनी नारविक काबीज केले.

पण दैवाची थट्टा पाहा. नारविक घेतले तेव्हाच ते सोडावयाचेही ठरून चुकले होते. फ्रान्स कोसळत होता, डंकर्कहून सैन्य माघारी येत होते. अशा वेळी उत्तरेकडे फौज अडकवून ठेवणे इंग्लंडला परवडणारे नव्हते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुमारे चोवीस-पंचवीस हजार सैनिक गुपचूप जहाजांवर चढविण्यात आले. पथक शेवटपर्यंत त्यांच्यावर पहारा करीत राहिले. मग प्रश्न उरला तो विमानांचा. हरिकेन परत इंग्लंडपर्यंत उडत जाऊ शकत नव्हते, एवढे अंतर तोडण्यास त्याचे पेट्रोल पुरे पडत नसे. म्हणून ती विमाने तेथेच नष्ट करा आणि माणसे जहाजाने परत या, असा हुकूम होता.

हुकूम पाळला असता तर क्रॉसना कोणी बोल लावला नसता. परंतु फ्रान्समध्ये शेकडो हरिकेन गमावल्यावर एकेका विमानाची किंमत काय झाली आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी विचारले, ‘ग्लोरियस’च्या पाठीवर आम्हांला उतरू द्याल काय?

यात अवघड ते काय, असे आपणांस वाटेल. नौकेवर उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. नौकेच्या पाठीवर आडव्या ताणलेल्या तारांपैकी एकीत तो अडकला की विमान जागच्या जागी थांबते. हरिकेनला आकडा नव्हता. तो जमिनीवरचा पक्षी, लांब धावपट्टीला सरावलेला. उतरताच ब्रेक जोराने दाबावे तर नाक खाली आणि शेपूट वर. सैल दाबावे तर समोरच्या टोकावरून थेट समुद्रात. ‘आर्क रॉयल’ या दुसऱ्या नौकेची पाठ अधिक लांब होती खरी. पण हरिकेनचे पंख मिटत नसत, आणि पसरलेल्या पंखांचे विमान खाली नेण्याइतका मोठा पाळणा त्या नौकेवर नव्हता. म्हणजे आखूड पाठीची ‘ग्लोरियस’च उरली.

यावर त्यांनी काढलेला तोडगा एखाद्या गावठी सुताराला सुचावा इतका साधा होता. शेपटीच्या पोकळीत वाळूची पिशवी ठेवायची आणि चाकांतील हवा थोडी कमी करायची. शेपूट जड झाल्यामुळे ब्रेक पूर्ण दाबता येत आणि सैल चाके नौकेच्या पाठीला चिकटून धरीत. बाकीचे काम नौकेने करावयाचे. तिने वाऱ्याला तोंड देऊन पूर्ण वेगाने धावावयाचे. धावत्या गाडीत चढणारा गाडीच्याच दिशेने पळतो तेव्हा त्याला गाडी हळू चालल्यासारखी वाटते, तसेच हे गणित.

७ जूनच्या संध्याकाळी पॅट्रिक जेमसन या न्यूझीलंडच्या वैमानिकाने तीन विमाने पुढे नेली. तिन्ही सुखरूप उतरली. मध्यरात्र उलटल्यावर उरलेली सात विमाने घेऊन क्रॉस निघाले. तीही एकामागून एक उतरली. दहापैकी दहा! २६३ व्या पथकाची ग्लॅडिएटर विमानेही उतरली होती. दमलेले वैमानिक झोपी गेले. आता आपण सुरक्षित आहोत, ही त्यांची समजूत होती.

८ जूनच्या पहाटे ‘ग्लोरियस’ने मुख्य ताफा सोडला आणि ‘आर्डेंट’ व ‘अकास्टा’ या दोनच विनाशिका बरोबर घेऊन ती स्कापा फ्लोकडे पुढे निघाली. तिचे कप्तान गाय डॉयली-ह्यूज हे पहिल्या महायुद्धात पाणबुडीवर पराक्रम गाजविलेले शूर गृहस्थ. त्यांच्या वैयक्तिक शौर्याबद्दल कोणी शंका घेत नाही. पण त्या दिवशी हवा स्वच्छ, दृष्टी मैलोगणती पोचणारी, आणि असे असून टेहळणीसाठी एकही विमान आकाशात नव्हते. डोलकाठीवर टेहळ्या नव्हता. अठरा बॉयलरांपैकी बाराच चालू होते, म्हणजे संकट आले तर पळण्याचा वेगही हाती नव्हता.

संकट आलेच. ‘शार्नहॉर्स्ट’ आणि ‘ग्नायझेनाउ’ या जर्मन युद्धनौका ॲडमिरल मार्शाल यांच्या हुकमतीखाली शिकारीस निघाल्या होत्या. सायंकाळी साडेचारच्या सुमारास त्यांच्या तोफा सुरू झाल्या. थोड्याच वेळात सुमारे पंधरा मैलांवरून आलेला गोळा ‘ग्लोरियस’ची पाठ फोडून खाली विमानांच्या कोठारात फुटला आणि आग भडकली. पुढच्या एका गोळ्याने कप्तानांसह नौकेचा पूलच उडाला. विनाशिकांनी धुराचे पडदे टाकले, पाणतीर सोडले, आपल्यापेक्षा कितीतरी बलाढ्य शत्रूवर त्या चालून गेल्या आणि बुडाल्या. ‘अकास्टा’चा एक पाणतीर ‘शार्नहॉर्स्ट’ला लागला, आणि जखमी जहाज सांभाळीत जर्मनांना ट्राँढेमकडे वळावे लागले. मागून येणारी सैनिकांनी भरलेली जहाजे बचावली त्याचे मोठे श्रेय या विनाशिकेस आहे.

शेकडो माणसे पाण्यात उतरली. त्या थंडीत तराफ्यांवर ती एकेक करून गेली. ‘ग्लोरियस’ बुडाल्याची स्वदेशी कोणाला वार्ताच नव्हती, म्हणून शोधालाही कोणी निघाले नाही. त्या दिवशी सकाळी जर्मनांना ‘अटलांटिस’ हे इंग्रजांचे रुग्णालय-जहाज भेटले होते. जर्मनांनी ते सोडून दिले आणि त्यानेही युद्धनियमांना जागून बिनतारी यंत्र वापरले नाही. ‘ग्लोरियस’चा संदेश ‘डेव्हनशायर’ या क्रूझरवर तुटक स्वरूपात पोचला, असे म्हणतात. पण त्या जहाजावर नॉर्वेचे राजे हाकोन होते, म्हणून तेही गप्प राहिले. सुमारे तीन दिवसांनी एका नॉर्वेजियन बोटीने काही तराफे गाठले. तीन जहाजांवरील पंधराशेहून अधिक माणसे मेली आणि वाचली ती चाळीसच्या आसपास. ४६ व्या पथकाच्या दहा वैमानिकांपैकी क्रॉस आणि जेमसन हे दोघेच त्यांत होते. २६३ व्या पथकाचा तर नौकेवरील एकही वैमानिक परतला नाही.

आता न्यायाचा प्रश्न. कोणी म्हणेल, क्रॉसनी हुकुमाप्रमाणे विमाने जाळली असती तर ती आठ माणसे दुसऱ्या जहाजाने घरी गेली असती. हे खरे आहे. पण हा न्याय शेवट पाहून केलेला न्याय होय. इतिहासाच्या अभ्यासकाने कर्त्या पुरुषाला फळावरून तोलू नये. त्या क्षणी त्याला काय ठाऊक होते आणि त्याच्या हाती काय होते, यावरून तोलावे. क्रॉसना देशाची गरज ठाऊक होती, धोका ठाऊक होता, आणि त्या धोक्यावर जितका उपाय करता येईल तितका त्यांनी केला होता. वाळूची पिशवी ही नुसती युक्ती नव्हे, ती दक्षतेची खूण आहे. आधी तीन विमाने पाठविली, मग सात, हेही दक्षतेचेच लक्षण.

हाच तराजू ‘ग्लोरियस’ला लावून पाहा. शत्रूच्या मोठ्या नौका कोठे आहेत हे कप्तानांना ठाऊक नव्हते, हे मान्य. परंतु टेहळ्या चढविणे त्यांच्या हाती होते, आणि एक विमान आकाशात ठेवणेही हाती होते. इंधन कमी असल्यामुळे नौका पुढे गेली, असा सरकारी खुलासा आहे. खुद्द चर्चिलसाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो पटत नसल्याचे लिहिले आहे. नौकेवरील विमानाधिकाऱ्याशी कप्तानांचे भांडण होऊन त्याला खटल्यासाठी स्कापा येथे ठेवले होते, आणि त्या खटल्याच्या घाईने नौका निघाली, असे पुढील काळातील संशोधकांनी मांडले. खरे कारण कोणतेही असो, उघड्या डोळ्यांनी न चालण्याची सबब त्यांपैकी एकातही नाही.

आणि दोष एकट्या कप्तानाचा तरी कोठे होता? ब्लेचली पार्क येथे हॅरी हिन्स्ली नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी जर्मन बिनतारी वाहतुकीतील फेरफार पाहून, मोठी जहाजे बाहेर पडत असावीत, असे आरमारखात्याला सांगत होता. पोराचे बोलणे कोणी मनावर घेतले नाही. हेच हिन्स्ली पुढे त्या हेरखात्याच्या अधिकृत इतिहासाचे कर्ते झाले. १९४० सालीच पार्लमेंटात या प्रकरणी प्रश्न उपस्थित झाले आणि १९९९ सालीही त्यावर चर्चा झाली. ज्यांची माणसे गेली ते विचारीतच राहिले.

पथकाचे पुढे काय झाले? त्याच जून महिन्यात ते पुन्हा उभे राहिले, सप्टेंबरात लंडनच्या रक्षणास लागले, आणि ११ नोव्हेंबरला इंग्लंडवर आलेल्या इटालियन विमानांचा समाचार घेण्यातही ते होते. पुढे त्याचे वैमानिक माल्टा बेटावर लढले आणि पथक ईजिप्तमध्ये तिसऱ्यांदा उभारले गेले. क्रॉस १९५९ ते १९६३ या काळात इंग्लंडच्या बाँबर दलाचे प्रमुख होते. २००३ साली त्यांचे निधन झाले. जेमसनही युद्धात मोठ्या योग्यतेस चढले.

श्रोतेहो, शौर्याची पूजा करणे सोपे असते. त्या संध्याकाळी ‘ग्लोरियस’वर शौर्याला तोटा नव्हता, कप्तान शूर होते, वैमानिक शूर होते, विनाशिकांवरील खलाशी तर शूरांतले शूर होते. तोटा होता तो डोलकाठीवर चढून बसणाऱ्या एका जागत्या माणसाचा. दहा विमाने वाचविण्यास एक वाळूची पिशवी पुरली, आणि पंधराशे माणसे घालविण्यास एक रिकामी डोलकाठी. पथक क्रमांक ४६ च्या आठ वैमानिकांचे स्मरण करताना या दोहोंचा हिशेब आपण शेजारी-शेजारी मांडून ठेवावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.