रुप्यावरील नांगर

जुन्या रुप्याच्या जिनसेविषयीं आपल्याकडे दोन प्रश्न विचारले जातात : वजन किती व कस कोणता ? ती कोठें व केव्हां घडली हा तिसरा प्रश्न क्वचितच निघतो. आणि निघालाच तर वरील नक्षी पाहून त्याचा निकाल लावण्यांत येतो. ज्या विलायती दागिन्यांवर जहाज, नांगर, दोरखंड अशीं सागरी चिन्हें असतात त्यांच्या बाबतींत ही पद्धत विशेष फसवी आहे. ब्रोचवर नांगर दिसला कीं तो आरमारी अधिकाऱ्याचा ठरतो, त्यास एखाद्या लढाईची कथा चिकटते, कथेवर किंमत चढते. आणि पुढें कथा टिकली नाहीं म्हणजे तोच दागिना मोडीच्या भावानें मुशींत जातो. वस्तुतः त्याचा जन्मवृत्तान्त बहुधा त्याच्याच पाठीवर ठोकलेला असतो. तो कसा वाचावा हें येथें सांगावयाचें आहे.

आरंभीं थोडें विषयांतर. शेतांतील नांगर व गलबताचा नांगर हे मराठींत सारखेच उच्चारले जातात, परंतु त्यांचें कुळ एक नव्हे. पहिला संस्कृत 'लाङ्गल' शब्दापासून आला. दुसरा फारसी 'लंगर' शब्दाचें रूपांतर दिसतो. रुप्यावरील नांगराचीही तीच गत आहे. एक नांगर दर्शनी बाजूस घडविलेला असतो, तो नक्षीचा. दुसरा पाठीमागें ठोकलेला, राईएवढा. आणि या दुसऱ्याचा समुद्राशीं कांहीं एक संबंध नाहीं.

हा दुसरा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम शहराच्या धातुपरीक्षेच्या कचेरीचा ठसा. बर्मिंगहॅम हें इंग्लंडच्या ऐन मध्यभागीं वसलेलें. तेथून समुद्र कोणत्याही दिशेस जवळ नाहीं. अठराव्या शतकांत तेथील कारागिरांस आपला माल कस लावून घेण्याकरितां चेस्टर येथें, सुमारें ७० मैल, किंवा त्याहून दूर लंडनास धाडावा लागे. वाटेंत माल दुखावे, वेळ जाई, आणि नवे नमुने परक्यांच्या नजरेस पडत. मॅथ्यू बोल्टन या कारखानदारानें पार्लमेंटकडे दाद मागितली. लंडनच्या सोनारसंघानें विरोध केला, तथापि इ. स. १७७३ मध्यें कायदा होऊन बर्मिंगहॅम व शेफील्ड या दोन्ही शहरांस स्वतंत्र कचेऱ्या मिळाल्या. एकीस नांगर व दुसरीस मुकुट हें चिन्ह मिळालें. यासंबंधीं आख्यायिका अशी कीं, या खटपटीच्या बैठकी लंडनमधील 'क्राउन अँड अँकर' नांवाच्या खानावळींत होत, त्यावरून हीं चिन्हें घेतलीं. आख्यायिका गोड आहे. तिच्यावर भार टाकण्याचें कारण नाहीं. शेफील्डनें आपला मुकुट १९७५ मध्यें सोडून गुलाब स्वीकारला. बर्मिंगहॅमचा नांगर कायम राहिला.

नांगराशेजारीं चालता सिंह असल्यास रुपें हजारांत ९२५ भाग शुद्ध. राजाचें किंवा राणीचें मस्तक असल्यास जकात भरल्याची ती खूण; ती १७८४ पासून १८९० पर्यंतच असे. त्याच पंक्तींत वर्षाचें अक्षर असतें. अक्षरमाला सुमारें २५ वर्षांनीं फिरून येत असल्यामुळें नुसतें अक्षर पुरेसें नाहीं. त्याचें वळण व भोंवतालच्या ढालीचा आकार मिळवून पाहावा लागतो. येथें घाई करणारा पाव शतकानें, प्रसंगीं अर्ध्या शतकानें चुकतो.

याहून मोठा खड्डा अटलांटिकपलीकडे आहे. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड संस्थानांत प्रॉव्हिडन्स येथें गोरहॅम नांवाची प्रसिद्ध पेढी होती. तिचा ठसा सिंह, नांगर व गॉथिक वळणाचें 'जी' असा. तो पाहतांच हा बर्मिंगहॅमचा माल व 'जी' हें वर्षाचें अक्षर, असा भ्रम साहजिकच होतो. परंतु तें 'जी' पेढीचें आद्याक्षर आहे, आणि नांगर हें तर ऱ्होड आयलंडच्या राजमुद्रेवरीलच चिन्ह आहे. ओळखण्याची खूण सोपी : इंग्रजी सिंह पाहणाराच्या डावीकडे चालतो, गोरहॅमचा उजवीकडे. शिवाय १८६८ नंतरच्या गोरहॅमच्या मालावर 'स्टर्लिंग' हा शब्द बहुधा आढळतो; इंग्लंडच्या मालास त्याची गरज नसे.

आतां दर्शनी नांगर. तोही सदैव आरमारी नसतो. ख्रिस्ती लोकांत क्रूस श्रद्धेचा, नांगर आशेचा व हृदय प्रीतीचें चिन्ह होय. व्हिक्टोरिया राणीच्या काळांत हीं तिन्ही एकत्र गुंफलेले दागिने विपुल झाले. अशा ब्रोचची मालकीण समुद्र न पाहिलेली असणें सर्वथा संभवनीय आहे. उलट, नांगरास दोरखंडाचा वेढा असेल व वर आरमारी मुकुट असेल तर इंग्लंडच्या आरमाराशीं संबंध जोडण्यास आधार आहे. १९१४-१८ च्या युद्धांत खलाशांच्या पत्नींनीं व वाग्दत्त वधूंनीं वापरलेल्या पिना या जातीच्या. नुसता दोरखंड मात्र कांहींच सिद्ध करीत नाहीं.

नक्षीचा काळ तो जिनसेचा काळ, हेंही गृहीत धरूं नये. डेन्मार्कच्या जॉर्ज जेन्सन पेढीकरितां आर्नो मालिनोव्स्की यानें केलेला डॉल्फिनचा ब्रोच दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचा. परंतु त्यावर ठिपक्यांच्या लंबवर्तुळांत पेढीचें नांव असेल, तर तो विशिष्ट नग १९४५ नंतरचा. नमुना जुना, नग नवा. ग्राहकानें नगाची किंमत द्यावयाची असते, नमुन्याची नव्हे.

ठसा मुळींच नसेल तर ? तेवढ्यानें जिन्नस खोटी ठरत नाहीं. हलक्या नगांस इंग्रजी कायद्यांत सूट आहे. १९७३ च्या कायद्यानें रुप्याची मर्यादा ७.७८ ग्रॅम, म्हणजे पाऊण तोळ्याहून किंचित् कमी, अशी ठेविली. मात्र 'ई. पी. एन. एस.' हीं अक्षरें चार ढालींत कितीही ऐटीनें बसविलेलीं असोत, तें निकलमिश्रित धातूवरील रुप्याचें पाणी होय.

तोळा दीड तोळा वजनाच्या ब्रोचांत रुप्याची किंमत ती कितीशी ? ती मिळते कर्त्याच्या नांवाला, शाबूत मिन्याला, मूळच्या टांचणीला, आणि सर्वांत अधिक वाचतां येणाऱ्या ठशाला. आपल्याकडील रुप्याच्या मासोळ्यांची कथा याच्या उलट आहे. त्यांवर ठसा क्वचितच. लग्नकार्य आलें कीं जुन्या मोडून नव्या करावयाच्या. त्यामुळें मत्स्याकृति पिढ्यान् पिढ्या चालत आली, पण शंभर वर्षांपूर्वीची म्हणून खात्रीनें दाखवितां येईल अशी जोडी मिळणें दुर्घट. विलायती ब्रोचवर तशी पाळी येऊं नये म्हणून सोनाराकडे उजळण्यास देतांना पाठीमागची बाजू घासूं नको, हें त्यास आधीं बजावावें. भिंगाखालीं ठसे वाचून त्यांची नोंद झाल्यावांचून तर तो नग त्याच्या हातींच देऊं नये.