सोनेरी सुईचे अस्तर

अफगाणिस्तानच्या पश्चिमेला, इराणच्या सरहद्दीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, हेरात हे जुने शहर आहे. या शहरात १९९६ च्या सुमारास स्त्रियांचा एक शिवणवर्ग सुरू झाला. त्याचे नाव होते 'सोनेरी सुई'. आठवड्यातून तीन वेळा स्त्रिया तेथे जमत. अंगावर पायघोळ बुरखा, हातात पिशवी आणि पिशवीत कापडाचे तुकडे व कात्री. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही त्यात काही वावगे दिसण्यासारखे नव्हते. पण कापडाच्या खाली वही आणि पेन असे. दार लागले की कात्री बाजूला राही आणि हेरात विद्यापीठातील साहित्याचे प्राध्यापक बोलू लागत. शेक्सपिअर, दोस्तोयेव्हस्की, जेम्स जॉइस यांच्यावर चर्चा होई. जमलेल्या स्त्रिया स्वतः लिहिलेलेही वाचून दाखवीत. बाहेर मुले खेळत असत. धर्मपोलिसांची चाहूल लागली की ती आत वर्दी देत. मग वह्या लपत आणि हातांत सुईदोरा येई. पकडले गेल्यास तुरुंग आणि छळ ठरलेला होता. फाशीचीही भीती होती.

ही हकिगत बाहेरच्या जगाला कळली ती मुख्यतः ब्रिटिश पत्रकार क्रिस्टिना लॅम्ब यांच्या 'द सोइंग सर्कल्स ऑफ हेरात' या २००२ साली निघालेल्या पुस्तकामुळे. त्यानंतर ती पुष्कळदा सांगितली गेली. सांगणाऱ्यांचा सूर बहुधा एकच असतो : जुलमी सत्तेवर साहित्याने मात केली. ही गोष्ट खोटी नाही. पण साहित्य शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांनी ती एवढ्यावरच सोडून देऊ नये असे वाटते. शिवणवर्गच का, साहित्यच का, आणि बंद दार उघडल्यावर पुढे काय झाले, या तीन प्रश्नांपाशी थोडे थांबावयास हवे.

तालिबानने हेरात घेतले ते सप्टेंबर १९९५ मध्ये, म्हणजे काबूलच्या एक वर्ष आधी. मुलींच्या शाळा बंद झाल्या, विद्यापीठाचे दरवाजे स्त्रियांना मिटले, बहुतेक नोकऱ्या गेल्या. हा आघात हेरातला विशेष जाणवावा असा त्या शहराचा इतिहास होता. पंधराव्या शतकात हेरात ही तैमूरवंशीयांची राजधानी होती. शाहरुखची राणी गौहरशाद हिने तेथे मशीद आणि मदरसा उभारला. कवी जामी, कवी आणि मंत्री अलीशेर नवाई, चित्रकार बिहजाद ही सगळी या शहराची माणसे. हेरातमध्ये पाय पसरला तर तो एखाद्या कवीलाच लागायचा, अशी तिथली जुनी थट्टा आहे. विसाव्या शतकातही तेथे लेखकांचे एक साहित्यमंडळ होते आणि त्या मंडळातल्या लेखिकांनीच हा शिवणवर्ग उभा केला. शाळा बंद करणे सत्तेला जमले. पण शाळेच्या बाहेरही साहित्याची ऊठबस असलेले शहर तिच्या हाती पडले होते, हे तिच्या पुरते लक्षात आले नव्हते.

आता पहिला प्रश्न. शिवणवर्गच का? याचे साधे उत्तर असे की, स्त्रियांनी एकत्र जमून करावयाच्या ज्या मोजक्या गोष्टींना मुभा होती त्यांत शिवणकाम होते. ही मुभा आदरातून आलेली नव्हती. शिवण म्हणजे बायकांचे घरगुती काम; त्यातून काही निपजेल अशी शंकाच राज्यकर्त्यांना आली नाही. ज्या कामाला सत्ता क्षुल्लक मानते त्याकडे ती निरखून पाहत नाही आणि हेरातच्या स्त्रियांनी नेमकी तीच जागा हेरली. त्यांच्याविषयी असलेल्या तुच्छतेचाच त्यांनी आडोसा केला.

तथापि यावरून शिवण म्हणजे नुसते सोंग, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्याच वर्षांत काबूलच्या खैरखाना भागात कमिला सिदिकी नावाची तरुणी घरातल्या घरात कपडे शिवून दुकानदारांना पुरवीत होती. वडील आणि भाऊ यांना शहर सोडावे लागले होते. ती स्वतः शिक्षिकेची परीक्षा दिलेली, आणि शिवण तिने बहिणीकडून शिकून घेतले होते. तिच्या या उद्योगाने आळीतल्या अनेक घरांची चूल पेटती ठेवली. गेल त्सेमाक लेमन यांच्या २०११ च्या पुस्तकात ही हकिगत आली आहे. तेथे सुईच्या आड दुसरे काही नव्हते; सुई हेच काम होते. हेरातच्या वर्गाची सगळी शोभा साहित्याला देऊन सुईकडे हसत पाहणे म्हणजे राज्यकर्त्यांची नजर नकळत आपणही उसनी घेणे होय.

मराठीत या दोहोंचा संबंध सांगणारा एक चांगला शब्द आहे आणि योगायोगाने तो हेरातच्याच भाषेतून, म्हणजे फारसीतून, आपल्याकडे आला आहे : अस्तर. 'कशिदा', 'जरी' हे शब्दही त्याच वाटेने आले. अस्तर दिसत नाही. पण वस्त्राला घाट आणि ऊब तेच देते. मात्र वरचे कापड नसेल तर अस्तराला काही अर्थ उरत नाही. 'सोनेरी सुई'चे वरचे कापड खरोखर शिवणीचे होते, म्हणूनच आतले साहित्य टिकले.

दुसरा प्रश्न साहित्याचा. एवढा धोका पत्करायचाच होता, तर काही 'उपयोगी' विषय का शिकू नये? हिशेब, वैद्यक, इंग्रजी? अन्यत्र चोरून भरणाऱ्या घरगुती शाळांत असे विषय शिकवलेही जात. पण साहित्याला साधने फार कमी लागतात. एक वही, एक बोलणारा, काही ऐकणारे. आणि वही लपवावी लागलीच तर पाठ केलेली कविता कोणाला सापडत नाही. शिवाय येथे नुसते ग्रहण नव्हते. या तरुणी लिहीत होत्या आणि एकमेकींच्या लेखनावर बोलत होत्या. प्राध्यापक रहयाब यांच्यासारखा जाणता मार्गदर्शक त्यांना लाभला होता.

भाषेचा एक मुद्दा येथे लक्षात घ्यावा. मराठीत 'मी गेलो' आणि 'मी गेले' यांतला फरक क्रियापदच उघड करते. फारसीत व्याकरणिक लिंग नाही. सर्वनामातूनही बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. शतकानुशतकांच्या गझलेतला 'मी' बहुतांशी पुरुषाचा म्हणूनच वाचला गेला. अशा भाषेत कवितेतला आवाज स्त्रीचा आहे हे सांगायचे तर कवयित्रीला ते जाणीवपूर्वक सांगावे लागते. व्याकरण तिला लपू देते; उघड व्हायचे की नाही हा निर्णय तिचा. बुरख्यातून आलेल्या आणि दाराआड बसलेल्या स्त्रियांनी या निर्णयावर विचार करणे, ही केवळ विरंगुळ्याची गोष्ट नव्हती.

या वर्गात नादिया अंजुमन होती. तिचा जन्म हेरातमध्येच, डिसेंबर १९८० मधला. शहर तालिबानच्या हाती गेले तेव्हा तिला पंधरावे वर्ष चालू होते. शाळा सुटली आणि ती 'सोनेरी सुई'त येऊ लागली. २००१ च्या नोव्हेंबरात हेरातमधून तालिबानची सत्ता गेली आणि पुढच्या वर्षी ती हेरात विद्यापीठात साहित्याची विद्यार्थिनी झाली. २००५ साली तिचा 'गुल-ए-दूदी' हा संग्रह निघाला. 'दूद' म्हणजे धूर, तेव्हा 'धुराच्या रंगाचे फूल' असे म्हणता येईल. तिच्या अनेक कवितांत बोलणारी स्त्री आहे हे लपवलेले नाही.

त्याच वर्षीच्या ४ नोव्हेंबरला, ईदच्या दिवसांत, घरी झालेल्या मारहाणीनंतर ती मरण पावली. ती चोवीस वर्षांची होती आणि मागे तान्हे मूल होते. पतीने हात उगारल्याचे कबूल केले, हत्येचा आरोप मात्र नाकारला. तो काही काळ कैदेत होता आणि पुढे सुटला. स्त्रीने प्रेमावर आणि सौंदर्यावर लिहून ते छापावे हे घरच्यांना रुचले नव्हते, असे तेव्हा तिच्या परिचितांनी पत्रकारांना सांगितले.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे आणि ते सुखाचे नाही. तालिबानच्या काळात नादिया पकडली गेली नाही. तिच्यावर घाव झाला तो शाळा उघडल्यानंतर, पुस्तक छापून आल्यानंतर, घरात. आणि तिचा पतीही साहित्याचाच पदवीधर होता. 'साहित्य माणसाला उदार करते' हे वाक्य आपण वर्गात अनेकदा सहज बोलून जातो. हेरातचा हा इतिहास ते वाक्य पुरते खोटे पाडत नाही. परंतु ते आपोआप खरे होत नाही, एवढे मात्र स्पष्ट सांगतो. शिवणवर्गाने स्त्रियांना धर्मपोलिसांपासून आडोसा दिला. घरातल्या मालकीच्या कल्पनेपासून आडोसा देणे कोणत्याही वर्गाच्या हाती नव्हते.

मंडळांचा इतिहास लिहिताना आपण अहवाल, इतिवृत्ते, वर्गणीच्या वह्या शोधतो. 'सोनेरी सुई'च्या बाबतीत प्रत्येक कागद हाच धोका होता. जे मंडळ सुरक्षित राहण्यासाठी मागे काही ठेवत नाही, त्याचा दस्तऐवज म्हणजे त्यातून बाहेर पडलेले लेखन. २०१५ मध्ये फरझाना मारी यांनी हेरातच्या आठ कवयित्रींच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. नादिया एकटी नव्हती, तिच्या आजूबाजूला लिहिणाऱ्यांचा एक परिवार होता, हे त्यावरून कळते. एका मृत्यूच्या बातमीपुरते हेरातला आठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावयास हवे.

ऑगस्ट २०२१ मध्ये हेरात पुन्हा तालिबानच्या हाती गेले. मार्च २०२२ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडण्याचे वचन ऐन शाळेच्या दिवशी मोडले गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठेही स्त्रियांना बंद झाली. घराघरांत गुपचूप वर्ग भरू लागल्याच्या बातम्या त्यानंतर आल्या. त्या वाचताना पंचवीस वर्षांपूर्वीच्या शिवणवर्गाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु ती कौतुकाने काढताना थोडा संकोच वाटावा. त्या स्त्रियांना लपून वाचण्याची हौस नव्हती. त्यांना साधा वर्ग हवा होता : फळा, हजेरी, परीक्षा, कंटाळा आला तर खिडकीबाहेर पाहण्याची मोकळीक. आपल्याला हे सारे रोज मिळते. साहित्य शिकून काय मिळते, हा प्रश्न आपल्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतेच. उत्तर देण्यापूर्वी, पदवीची आशा नसताना, पिशवीत कात्री वर आणि वही खाली ठेवून आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडणाऱ्या त्या मुली डोळ्यांसमोर आणून पाहाव्यात.