उचल, खावटी आणि पौलाची वर्गणी
करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय ८, वचने १ ते २१ : भाष्य

हे पत्र इसवी सन ५५-५६ च्या सुमाराचे. यरुशलेमेतल्या विश्वासणाऱ्यांमध्ये दारिद्र्य होते आणि त्यांच्यासाठी पौल ग्रीक शहरांतल्या मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करत होता. करिंथकरांनी वर्षभरापूर्वी उत्साहाने हात घातला, मग काम रेंगाळले. हान्स डीटर बेट्झ यांनी १९८५ च्या भाष्यात अध्याय ८ आणि ९ ही दोन स्वतंत्र, कारभारी वळणाची पत्रे मानली. ती स्वतंत्र होती की नाही हा वाद बाजूला ठेवू. पण त्यांचे वळण कारभारी आहे हे खरे, आणि हा अध्याय नुसता प्रवचनासाठी वापरणाऱ्यांच्या हातून नेमके तेच निसटते.

सिद्धगडाच्या पायथ्याशी, मुरबाड-शहापूरच्या बाजूने तो वाचताना आणखी एक गोष्ट डोळ्यांपुढे ठेवावी लागते. या मुलखात देण्याची एक जुनी रीत आहे. पावसाळ्यात कणगीतले भात संपले की खावटी, आणि दिवाळीनंतरच्या कामासाठी आधीच घेतलेली वीटभट्टीवाल्याची उचल. अडल्या वेळी पैसे देणारा इथे उपकारकर्ता म्हणूनच दारात येतो. कातकरी कुटुंब मग सगळा हंगाम भट्टीवर राबून ते फेडत राहते. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ चा. उचल त्यानंतरही राहिली. पौलाची वर्गणी या उचलीपासून कुठे वेगळी होते, हे या भाष्यापुरते मला पाहायचे आहे.

वचने १-२. पौल सुरुवात करतो ती मासेदोनियाच्या मंडळ्यांपासून, म्हणजे फिलिप्पै, थेस्सलनीका, बिरुया. मोठ्या संकटात आणि टोकाच्या गरिबीत असताना त्यांनी सढळ हाताने दिले, असे तो सांगतो. या गरिबीचे कारण म्हणून जुने टीकाकार रोमने इसवी सनापूर्वी १६७ मध्ये तिथल्या सोन्यारुप्याच्या खाणी बंद केल्याचे सांगतात. मला ते पटत नाही. मधे दोनशेहून अधिक वर्षे गेली, आणि खाणी तर काही वर्षांतच पुन्हा उघडल्या होत्या. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात स्वतःच्या देशबांधवांकडून झालेल्या छळाचा उल्लेख आहे. ज्याच्यावर शेजारपाजार रुसतो त्याचा धंदा बसतो. एवढे कारण पुरे. ऐकणारे करिंथकर मात्र इसवी सनापूर्वी ४४ मध्ये नव्याने वसवलेल्या, दोन बंदरांवर पोसलेल्या व्यापारी शहरातले होते. गरिबांचे नाव घेऊन सधनांना चिमटा काढणे पौलाला छान जमते.

वचने ३-५. मासेदोनियाकरांनी ऐपतीपलीकडे दिले, आणि देऊ द्या म्हणून तेच मागे लागले. गरिबाला फक्त घेणारा समजण्याची आपल्याला सवय आहे, ती इथे मोडते. पाड्यावर पाहुणा आला की चुलीवर आधी चहा चढतो, साखर उसनी आणावी लागली तरी. ज्यांनी हे पाहिले आहे त्यांना या वचनाचे नवल वाटणार नाही.

वचने ८-९. हा हुकूम नाही, असे पौल स्पष्ट करतो आणि लगेच ख्रिस्ताचे उदाहरण देतो : धनवान असून तो आपल्यासाठी दरिद्री झाला. इथे उपदेशकाचा पाय हमखास घसरतो. दारिद्र्यच पवित्र, असा अर्थ काढला जातो आणि तो ऐकवला जातो कर्जात बुडालेल्या माणसाला. ख्रिस्ताने दारिद्र्य पत्करले. भट्टीवरच्या माणसावर ते लादले गेले आहे. वचनाचा रोख ज्याच्याकडे सोडण्यासारखे काही आहे त्याच्याकडे आहे.

वचने १०-११. आरंभले ते पुरे करा. यात उकलण्यासारखे काही नाही.

वचन १२. जे आहे त्याच्या मानाने द्यावे, जे नाही त्याच्या मानाने नव्हे. मग तिसऱ्या वचनातल्या ऐपतीपलीकडच्या दानाचे काय? पौल ते वाखाणतो, पण कोणाकडून मागत नाही. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात त्याने सांगितलेली रीतही हीच आहे : आठवड्याच्या पहिल्या दिवशी ज्याने त्याने आपल्या घरीच, मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे. बायकांच्या भिशीसारखे हे थोडे थोडे साचत जाते. रोजंदारीवरचा माणूस दुसऱ्या रीतीने देऊही शकणार नाही.

या दोन वचनांमधला ताण मराठी वाचकाला एका घरात दिसतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक लहानपणी कल्याणला शिकले, जिथून मुरबाडचा रस्ता फुटतो. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनचा पगारही सोडला. त्यांच्या हाती पैसा ठरत नसे, दारी आलेला परत जात नसे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त हे सगळे हसत हसत येते. पण त्या हसण्यामागे संध्याकाळच्या चुलीची काळजी आहे. टिळक तिसऱ्या वचनात राहिले. बाराव्याचा हिशेब लक्ष्मीबाईंनी सांभाळला, आणि तो सांभाळून परक्या पोरांनाही घरात घेतले. दात्याच्या चरित्रात या दुसऱ्या माणसाला क्वचितच जागा मिळते. मराठीत ती मिळाली, कारण लेखणी तिच्याच हाती होती.

वचने १३-१४. अध्यायाचा गाभा इथे आहे. दुसऱ्याला आराम आणि तुम्हांला ओढाताण, असे व्हावे हा हेतू नाही, समानता व्हावी हा आहे. आज तुमची विपुलता त्यांच्या गरजेला, उद्या त्यांची तुमच्या. क्रम उलटू शकतो हे पौल देणाऱ्याला तोंडावर सांगतो. तुझ्या दारावरही वेळ येईल आणि तेव्हा तू मागशील. खावटी देणाऱ्या सावकाराच्या मनात असा दिवस कधी उगवत नाही. त्याचा सारा व्यवहारच देणारा तोच आणि घेणारा तोच राहण्यावर चालतो.

सिद्धगडाच्या याच डोंगरात २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडलेले भाई कोतवाल ख्रिस्ती नव्हते. माथेरानच्या या वकिलाने शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा म्हणून धान्यकोठारे उभी केली होती. भाष्यकाराने उदाहरण मंडळीच्या आतलेच द्यावे असा नियम नाही, आणि या वचनाला सिद्धगडाच्या परिसरात याहून जवळचे उदाहरण मला सापडत नाही. कोठारातून आज घेणारा सुगीनंतर त्यात भरही घालू शकतो.

वचन १५. रानातल्या मान्न्याचा दाखला, निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला. ज्याने जास्त गोळा केले त्याला उरले नाही, कमी केले त्याला तुटले नाही. मूळ कथेत साठवलेल्या मान्न्यात किडे पडले. पौल तेवढे गाळतो. करिंथच्या गोदामवाल्यांना तेही ऐकवायला हवे होते, असे मला वाटते.

वचने १६-१९. सहकारी तीताची शिफारस, आणि सोबत मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू, त्याचे नाव नाही.

वचने २०-२१. एवढ्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून पौल ती एकटा नेत नाही. देवापुढे चोख असणे त्याला पुरत नाही, माणसांपुढेही चोख दिसायचे आहे. भट्टीवरच्या उचलीची वही मालकाकडे असते आणि अक्षरओळख नसलेल्याला ती वाचता येत नाही. इथे उलट आहे : ज्यांनी दिले त्यांचीच माणसे रकमेबरोबर चालत जातात, आणि ज्यांना ती मिळणार त्यांच्याकडे फेडीचा तगादा नाही.

पुढे रोमकरांस लिहिताना, पंधराव्या अध्यायाच्या शेवटी, पौल प्रार्थना करायला सांगतो की ही मदत यरुशलेमेतल्या लोकांनी स्वीकारावी. म्हणजे ती नाकारली जाण्याची भीती त्याला होती. नाकारण्याचा हक्क घेणाऱ्याकडे आहे हे तो धरूनच चालला होता. प्रेषितांच्या कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायात या दानाचा ओझरता उल्लेख येतो; त्याचे स्वागत कसे झाले याबद्दल लूक काहीच लिहीत नाही.