कोळशाचा मुलूख : क्वांग निन्ह

व्हिएतनाम म्हटले की भाताची खाचरे आणि युद्ध या दोनच गोष्टी आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतात. आम्ही आज श्रोत्यांना त्या देशाच्या ईशान्य कोपऱ्यात नेणार आहोत. तेथे भात थोडा आणि कोळसा फार. उत्तरेस चीनची सरहद्द, पूर्वेला व दक्षिणेला टोंकिनचे आखात, मध्ये डोंगरांच्या रांगा, असा हा क्वांग निन्ह प्रांत. क्षेत्रफळ सुमारे 6,200 चौरस किलोमीटर, आणि 2019 च्या शिरगणतीत लोकवस्ती 13 लाखांवर. होंग क्वांग व हाय निन्ह हे दोन मुलूख 30 ऑक्टोबर 1963 रोजी एकत्र केले गेले आणि दोघांच्या नावांचे शेवटचे अर्धे जोडून नवे नाव तयार झाले.

नाव नवे असले तरी भूमी जुनी आहे. वान डॉनचे बंदर 1149 मध्ये परदेशी व्यापाऱ्यांना खुले झाले. बाक डांग नदीच्या पात्रात अणकुचीदार खांब रोवून ठेवले आणि ओहोटीला मंगोलांचे आरमार त्यांवर अडकवले, ही 1288 ची गोष्ट तेथील पोरालाही ठाऊक असते. त्या युद्धाच्या वेळी गादीवर असलेला राजा त्रान न्हान तोंग पुढे राज्य सोडून येन तू डोंगरावर भिक्षू होऊन राहिला. जिंकलेल्या राजाने झोळी घ्यावी, हे आपल्याकडच्या माणसाला परके वाटू नये.

परंतु आम्हास सांगायचे आहे ते या डोंगरांच्या पोटातले. येथला कोळसा अँथ्रासाइट जातीचा, कठीण, चकचकीत आणि जळताना फार थोडा धूर करणारा. मिन्ह मांग बादशहाच्या काळी, 1840 मध्ये, डाँग त्रिएउ भागात तो काढण्यास सुरुवात झाली होती. पुढे फ्रेंच आले. त्यांनी 1883 मध्ये होन गाय घेतले आणि 1888 मध्ये टोंकिनची फ्रेंच कोळसा कंपनी स्थापन झाली. होन गाय आणि कॅम फा येथे डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी कापून उघड्या खाणी तयार झाल्या. कोळसा थेट धक्क्यावर आणि तेथून बोटींत जाई. कंपनीला याहून सोयीची जागा कोठे मिळणार?

माणसे मात्र येथली पुरेनात. ती आली खालच्या लाल नदीच्या खोऱ्यातून, थाय बिन्ह, नाम डिन्ह, हाय झुआँग या दाट वस्तीच्या व भुकेल्या भागांतून. त्यांना गोळा करून आणी तो 'काय', म्हणजे आपला मुकादम. कामावर घ्यायचा तोच आणि मजुरीला कात्री लावायचा तोही तोच. मुंबईच्या गिरण्यांत जॉबरला दस्तुरी दिल्यावाचून खाते उघडत नसे, हे ज्यांनी पाहिले त्यांना यापुढे अधिक सांगावयास नको.

अशा माणसांत संघटना कशी उभी राहिली? 1928 नंतर काही शिकलेले क्रांतिकारक तरुण मुद्दाम मजूर होऊन खाणीत उतरले. न्गुयेन वान कू हा त्यांतला एक. 1912 चा जन्म, म्हणजे तेव्हा जेमतेम पोरगाच. माओ खे आणि वांग झान्ह येथे त्याने काम केले, 1938 मध्ये तो इंडोचायना कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला आणि 1941 मध्ये फ्रेंचांनी त्याला गोळ्या घातल्या. होन गायजवळ एक सुळका आहे. राजा ले थान्ह तोंगने 1468 मध्ये त्याच्या कातळावर आपली कविता कोरवली, म्हणून त्याला 'कवितेचा डोंगर' म्हणतात. 1930 च्या मे दिनी त्याच डोंगरावर लाल झेंडा दिसला.

मग 1936 साल उजाडले. मंदीत मजुरी उतरली होती. इकडे फ्रान्समध्ये लोकाघाडीचे सरकार आले आणि त्या वाऱ्याची झुळूक वसाहतींतही लागली. नोव्हेंबरच्या 12 तारखेला कॅम फा येथील कामगारांनी काम थांबवले, आणि थोड्याच दिवसांत सगळ्या खाणपट्ट्यात 30 हजारांहून अधिक माणसे बाहेर पडली. मागण्या साध्या होत्या : मजुरी वाढवा, मारहाण थांबवा. त्यांच्या घोषणेत शब्द दोनच होते, शिस्त आणि एकमन. आम्ही संपाच्या अनेक घोषणा ऐकल्या आहेत, त्यांत शिस्तीला पहिले स्थान देणारी क्वचितच. लष्कर समोर उभे असताना एखाद्याने दगड भिरकावला तर सगळा संप बुडतो, हे जाणणाऱ्याचीच ती घोषणा असली पाहिजे. महिना उलटण्यापूर्वी कंपनीला मजुरी वाढवावी लागली.

फ्रेंच फौजा खाणपट्टा सोडून गेल्या तो महिना एप्रिल 1955. खाणी सरकारच्या झाल्या. 5 ऑगस्ट 1964 रोजी उत्तर व्हिएतनामवरील अमेरिकेच्या पहिल्या बाँबफेकीत होन गायही सापडले. 1979 च्या चिनी स्वारीत सरहद्दीवरचे मोंग काय उद्ध्वस्त झाले. आता तेच व्यापाराने गजबजले आहे.

आज 12 नोव्हेंबर खाणकामगारांचा दिन म्हणून सरकारी इतमामाने पाळला जातो. हे चांगलेच आहे. तथापि देशात कामगारांचा मान्य महासंघ एकच आणि तो सत्ताधारी पक्षाच्या छायेखालचा. 2019 च्या श्रमसंहितेने निराळ्या संघटनेला कायद्यात जागा दिली, पण कागदावरची जागा आणि कारखान्याच्या दारातली जागा यांतले अंतर आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. ज्या संपाचा पुतळा उभारतात, तसा संप आज कोणी करू म्हटले तर?

हा प्रश्न नुसता वादाचा नाही. खाणीशेजारीच हा लाँगचा उपसागर आहे. त्यात चुनखडीची 1,900 हून अधिक बेटे असून 1994 पासून तो जागतिक वारसा आहे. पर्यटकांना समुद्र निळा हवा, कोळशाला धक्का हवा. प्रांताने आता 'तपकिरीकडून हिरव्याकडे' असे धोरण धरले आहे. उघड्या खाणी एकेक मिटत आहेत आणि उरलेला कोळसा समुद्रसपाटीखाली 300 मीटर उतरून काढावा लागतो. खाण मिटली की पाती झाडांची लावतात, उतरणाऱ्या माणसाला मात्र तोच पाळणा पहाटे खाली नेतो. त्याच्या मजुरीचे, दम्याचे, पुढच्या नोकरीचे बोलणे कोणी करायचे, हे तेथल्या खाणकामगारांनी अजून ठरवायचे आहे.