मावशीची फणेरपेटी

आमच्या मावशीच्या पत्त्यात 'कोयली' हा शब्द कधी नसायचा. ती लिहायची 'जवाहरनगर, जिल्हा बडोदे'. बडोदेच, वडोदरा नव्हे. कोयली हे तिथल्या मूळ गावाचं नाव. १९६३ साली पंडित नेहरूंनी तिथे तेलशुद्धीकरण कारखान्याची पायाभरणी केली, सोव्हिएत मदतीने तो उभा राहिला आणि १९६५च्या ऑक्टोबरात सुरू झाला. अंकलेश्वरला जमिनीतून निघालेलं तेल इथे यायचं. काका त्यानंतर काही वर्षांनी नोकरीला लागले आणि मावशी फोंड्याचं माहेर सोडून त्या वसाहतीत राहायला गेली. सोबत नेली ती आजीने दिलेली शिसवी फणेरपेटी.

फणेरपेटी आजच्या मुलींना ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे. उतरतं झाकण, उघडलं की आत आरसा, खाली खण. खणात फणी, काजळाची डबी, पिंजरीचा करंडा आणि मेणाची छोटी डबी. आपल्या बायकांचं सगळं प्रसाधन एवढ्यात मावायचं. आधी कपाळावर मेणाचं बोट गोल फिरवायचं, मग त्यावर पिंजर. (घाटावर कुंकू म्हणतात, आपण पिंजर.) खरी पिंजर हळदीचीच. हळकुंडांवर लिंबाचा रस आणि टाकणखार यांची प्रक्रिया केली की पिवळ्याचं लाल होतं. सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव या धंद्यासाठी आजही प्रसिद्ध आहे.

मावशीच्या पेटीत मधाच्या पोळ्याचं मेण संपलं आणि तिथे व्हॅसलीन आलं. पुष्कळ घरांत असंच झालं. या व्हॅसलीनची कथा गमतीची आहे. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला जमिनीतून तेल उपसायला सुरुवात झाली. तिथले कामगार पंपाच्या दांड्यांना चिकटणाऱ्या काळपट, मेणचट राळीला कंटाळलेले असायचे, पण कापलं-भाजलं की तीच चोपडायचे. रॉबर्ट चीझब्रो नावाच्या तरुण रसायनज्ञाने ते हेरलं, ती राळ गाळून पांढरी केली आणि १८७२ साली पेटंट घेतलं. हा गृहस्थ रोज चमचाभर व्हॅसलीन खायचा असं सांगतात. जगला मात्र शहाण्णव वर्षं! मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे गो बाय, हे काकांच्या कारखान्यातलंच." तसं नव्हतं, पण गोत्र एकच होतं हे खरं.

पुढे २००४ साली कोयलीत आणखी एक प्रकल्प आला, केरोसीनपासून लिनिअर अल्किल बेन्झिन बनवण्याचा. कपडे धुण्याच्या पावडरीचा हा मूळ कच्चा माल, वर्षाला १ लाख २० हजार टन. एकाच खनिज तेलातून हाताची कातडी रखरखीत करणारी पावडरही येते आणि त्यावर लावायचं मलमही. पन्नाशीनंतर बाईच्या कातडीला हे जास्त जाणवतं. पाळी गेली की त्वचेतल्या तेलग्रंथी मंदावतात, कोलॅजेन झपाट्याने घटतं (पहिल्या पाच वर्षांतच साधारण तीस टक्के, असं डॉक्टर सांगतात) आणि कातडी पातळ होते. व्हॅसलीन कातडीला पाणी देत नाही, असलेलं पाणी उडू देत नाही, एवढंच त्याचं काम. म्हणून ते अंघोळीनंतर ओलसर अंगावर लावायचं.

पण आपल्याकडे म्हाताऱ्या बाईच्या कातडीचा विचार कोणी केला होता? विचार होता तो फक्त कपाळाचा. सवाष्ण असेल तर पिंजर, नसेल तर काही नाही. ब्राह्मणांत आणि त्यांचं पाहून आणखी काही जातींत, नवरा गेला की डोक्यावर वस्तरा. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन आपण करणार नाही असं त्यांनी ठरवलं. मला ही घटना नेहमी थोर वाटते. ज्यांच्या हातात वस्तरा, त्यांनीच तो खाली ठेवला. सुशिक्षित घरांत मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं आलवणं दिसत राहिली. आमच्या आजीची सासू त्यातली.

आणि ह्याच बडोद्याची एक लेक बघा. सयाजीराव आणि दुसऱ्या चिमणाबाई यांची मुलगी इंदिराराजे, जन्म १८९२. ग्वाल्हेरशी ठरलेली सोयरीक तिने १९११ साली स्वतः मोडली, १९१३ साली कूचबिहारच्या जितेंद्र नारायणांशी लंडनला लग्न केलं आणि १९२२ साली, तिशीतच, विधवा झाली. मुलगा लहान म्हणून राज्याचा कारभार तिने पाहिला. विधवेचा पांढरा रंग तिने नाकारला नाही, पण पांढरं म्हणजे फ्रान्सचं शिफॉन, त्यावर मोत्यांच्या माळा. भारतातल्या उच्चभ्रू बायकांत शिफॉनच्या साड्यांची टूम तिच्यामुळेच आली असं मानतात. फेरागामो ह्या इटालियन चांभाराकडे (चांभारच म्हणायचा तो, उगाच डिझायनर कशाला?) तिने एकदम शंभर जोड चपलाबुटांची मागणी नोंदवली होती. ती १९६८ साली वारली तोवर म्हातारपण आणि वैधव्य दोन्हींनी तिच्या टापटिपीला हात लावला नव्हता. महाराणीला कोण विचारणार, हे आहेच. दांडिया बाजारातल्या मराठी वाड्यांतून तिचं कौतुक व्हायचं, पण तिचं अनुकरण करायची परवानगी सुनेला नव्हती.

मावशीची गोष्ट ह्याच मधल्या जागेत घडली. ऐंशीच्या दशकात वसाहतीत चिकटवायच्या टिकल्या आल्या. मेण नको, पिंजर नको, घामाने ओघळायची भीती नको. मावशीने दहा-बारा वर्षं लावल्या. मग एक दिवस टिकलीखाली पांढरा डाग दिसला, अगदी टिकलीएवढा गोल. काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचं रसायन असतं, ते कातडीचा रंग बनवणाऱ्या पेशीच मारतं. डॉक्टरांनी टिकली बंद करायला सांगितली. पण नवरा हयात असताना उघडं कपाळ? वसाहतीतल्या बायकांनी काय म्हटलं असतं! मावशीने पुन्हा पेटी काढली. व्हॅसलीन, त्यावर पिंजर. डाग झाकला गेला.

काका गेले तेव्हा मावशी चौसष्ट वर्षांची होती. तेराव्यानंतर मी गेले (कोकण रेल्वेमुळे मडगावहून मुंबईला न थांबता जाता येऊ लागलं होतं), तर दारात उभी, कपाळ मोकळं, आणि मधोमध तो पांढरा डाग. पिंजर पुसली होती, पण तिची जागा कोणाला पुसता येत नव्हती. भेटायला येणाऱ्यांची नजर तिथेच. "कोड फुटलं का हो?" असं एकीने माझ्यासमोर विचारलं.

दुसऱ्या दिवशी मावशी मला घेऊन रावपुऱ्यात गेली आणि दुकानात म्हणाली, "माझ्या रंगाचं काहीतरी दाखवा." जन्मात पावडरीपलीकडे काही न लावलेल्या बाईने पहिल्यांदा फाउंडेशनची कांडी घेतली. मनगटावर लावून, उजेडात नेऊन, तीन छटा नाकारून. शेजारी कुजबुज झालीच की नवरा जाऊन महिना नाही झाला आणि ही मेकप करते. मावशीने कोणाला खुलासा दिला नाही. मी म्हटलं, सांगून टाक ना. तर म्हणाली, "कशाला? पिंजर लावत होते तेव्हा कोणी विचारलं होतं का, का लावतेस म्हणून?"

२०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि महाराष्ट्र सरकारने इतर गावांनाही तसं कळवलं, ती बातमी मी तिला फोनवर वाचून दाखवली. ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिरंडेल पाठवलंस का?"

ते मी दर मे महिन्यानंतर पाठवते. भिरंडांच्या बियांचं तेल, थिजून अंड्यासारखे गोळे होतात. लहानपणी आजी पळीत वितळवून टाचांच्या भेगांत सोडायची आणि आम्ही किंचाळायचो. आता त्याच कोकमतेलाला परदेशी क्रीमवाल्यांचीही मागणी आहे. मावशी रात्री ओठांना आणि हातांना लावते. गोळा ठेवायची जागा ठरलेली, फणेरपेटीत, जिथे मेणाची डबी असायची तिथे. शेजारच्या खणात ती कांडी.