नाव घातलेली पुस्तकं

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या जातीच्या खेळाचं नियमपुस्तक ड्राइव्हथ्रूआरपीजी या दुकानातून पीडीएफ म्हणून घेतलं, की बहुधा प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ येते: घेणाऱ्याचं नाव आणि पुढे कंसात ऑर्डरचा नंबर. पान राक्षसांचं असो, नकाशाचं असो की कोरं असो, नाव आहेच. वसई-विरारच्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही. भांड्यांच्या दुकानात स्टीलचा डबा घेतला की ‘नाव काय घालू?’ असं विचारून दुकानदार मशीन चालवतो. नाव घातलं म्हणून डबा घरात अडकून पडत नाही. तो गणपतीत मोदक घेऊन शेजारी जातो, नाताळात केक घेऊन परत येतो. कुणाचा आहे हे फक्त विसरलं जात नाही.

पीडीएफवरचं हे नाव सुखासुखी आलेलं नाही. त्याआधी कुलूप होतं, आणि त्याहीआधी नुसती भीती.

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ निघाला १९७४ साली, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी रचलेल्या तीन पुस्तिका एका खोक्यात घालून पहिल्यांदा हजार संच छापले गेले. पट नाही, जिंकणं-हरणं नाही. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होऊन बोलतात, आणि अडलं तिथे फासा निवाडा करतो. बुद्धिबळाचे नियम एका कागदावर मावतात, सोंगट्या मात्र विकत घ्याव्या लागतात. इथे उलटं आहे. फासे आणि पेन्सिली कुणाकडेही असतात, विकायला जे काही आहे ते पुस्तकात आहे. त्यामुळे पुस्तकाची नक्कल झाली की सगळा खेळच उचलला गेला, आणि झेरॉक्स प्रती तर पहिल्यापासून फिरत होत्या.

कागद सुटायला दोन गोष्टी जुळून याव्या लागल्या. १९९३ मध्ये अडोबीने पीडीएफ बाजारात आणलं. जॉन वॉर्नॉक यांनी त्याची कल्पना १९९१ मध्येच मांडली होती. कुठल्याही यंत्रावर पान छापल्यासारखं जसंच्या तसं दिसावं, एवढाच त्याचा हट्ट. दोन रकाने, मधे तक्ता, कडेला चौकट अशा नियमपुस्तकांना तो मानवला. (विरार लोकलमध्ये एका हाताने कडी आणि दुसऱ्या हाताने फोन धरून हे दोन रकाने वाचताना वॉर्नॉक यांची आठवण काही प्रेमाने होत नाही. पण ३२० पानांचा पुठ्ठा-बांधणीचा ठोकळा तिथे उघडताच येत नाही, हेही खरं.) दुसरी गोष्ट २००० सालची. तेव्हा डन्जन्स अँड ड्रॅगन्सची मालकी असलेल्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने खेळाचा सांगाडा खुल्या परवान्यावर दिला, म्हणजे त्या नियमांवर बेतलेलं पुस्तक कुणीही लिहून विकावं. छपाईला पैसे नसलेल्या लेखकांना याहून काय हवं? २००१ मध्ये जेम्स मेथे यांनी आरपीजीनाऊ हे पीडीएफचं दुकान काढलं. त्याच वर्षी मॉन्टे कुक यांनी ‘द बुक ऑफ एल्ड्रिच माइट’ आधी पीडीएफ म्हणून विकलं आणि ते इतकं चाललं की छापील आवृत्ती मागाहून निघाली.

मोठे प्रकाशक बिचकत उतरले. २००४ मध्ये ड्राइव्हथ्रूआरपीजी उघडलं ते कुलूपबंद पीडीएफ घेऊन. फाइल अडोबीकडे नोंदवलेल्या यंत्रावरच उघडायची. संगणक बदलला की तुमचंच पुस्तक तुम्हाला ओळखेना. फुकट्यांकडे तोवर त्याच पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या बिनकुलुपी प्रती होत्याच, म्हणजे जाच झाला तो फक्त पैसे मोजणाऱ्याला. गिऱ्हाईक बिथरलं, आणि थोड्याच काळात कुलूप जाऊन पानाच्या तळाशी नाव आलं. २००६ मध्ये ही दोन्ही दुकानं वनबुकशेल्फ या एकाच छपराखाली आली.

माझ्या मते या धंद्यात झालेला सर्वांत समंजस करार तो हाच. विकणारा म्हणतो, फाइल तुझी, हवी तिथे ठेव, हवी तेव्हा छाप. चारचौघांत उघड्यावर टाकलीस तर नाव तुझंच दिसेल.

२००९ साली हा करार फाटता फाटता राहिला. आमच्याकडे वसई-विरारला ते वर्ष गाजलं ते चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून ३ जुलैला महानगरपालिका झाली म्हणून, आणि गावं त्यातून वगळा या मागणीवरून. तिकडे एप्रिलमध्ये ‘प्लेयर्स हँडबुक २’ च्या प्रती इंटरनेटवर टाकल्याबद्दल विझर्ड्सने आठजणांवर खटले भरले, आणि त्याच सुमारास आपल्या सगळ्या पीडीएफ सगळ्या दुकानांतून उचलल्या. पैसे भरून घेतलेली फाइल पुन्हा उतरवून घ्यायलाही जेमतेम मुदत मिळाली. ज्यांनी स्वतःच्या डिस्कवर प्रत ठेवली होती त्यांचं पुस्तक वाचलं. त्याच ऑगस्टमध्ये पायझो या कंपनीने ५७६ पानांचं ‘पाथफाइंडर’ काढलं: छापील जवळपास ५० डॉलरला, आणि पीडीएफ १० डॉलरला, पानावर गिऱ्हाइकाचं नाव घालून. घाबरून दार लावणारा आणि दार सताड उघडणारा एकाच वर्षी समोरासमोर आले. विझर्ड्सच्या जुन्या पीडीएफ पुन्हा विक्रीला यायला जानेवारी २०१३ उजाडलं.

प्रकाशकापेक्षा नक्कल जास्त जगते, हे मराठीला नवं नाही. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, त्याच शतकात आणखी दोनदा छापलं गेलं. आज त्यातली एकही छापील प्रत हाती नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे.

२०१७ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं डीअँडडी बियॉन्ड हे संकेतस्थळ आलं आणि तिसरीच तऱ्हा सुरू झाली. इथे फाइल मिळतच नाही. पैसे भरले की तुमच्या खात्यात पुस्तक उघडतं, वाचायचं ते त्यांच्याच घरात बसून. छापील प्रत घरी असली तरी इथे वेगळे पैसे. सोय मोठी आहे, पात्राची आकडेमोड आपोआप होते. पूर्वी अख्खं पुस्तक नको असेल तर त्यातली एखादी जात किंवा एखादं जादुई शस्त्र सुटं घेता यायचं. २०२४ मध्ये तेही बंद झालं. विझर्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रो हिने हे संकेतस्थळ २०२२ मध्ये १४ कोटी ६३ लाख डॉलरना घेतलं, त्यावरून या घराचं भाडं किती येत असेल याचा अंदाज करावा.

वसईतून पीडीएफ घेणं म्हणजे डॉलरचा व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू करावे लागतात, आणि रुपयाचा डॉलर करताना बँक आपलं घेते ते वेगळं. करांची तऱ्हा त्याहून न्यारी. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, पण त्याच पुस्तकाच्या ई-आवृत्तीवर २०१८ पासून ५ टक्के, आणि ज्याची छापील आवृत्तीच नाही त्याला ही सवलत नाही. म्हणजे पैशाअभावी छापू न शकलेल्या लेखकाचं पुस्तक कराच्या हिशेबात पुस्तक नव्हेच. तरीही परदेशातून छापील ठोकळा मागवायचा तर टपालखर्च आणि २०१९ पासूनचं ५ टक्के आयातशुल्क बघून माणूस पीडीएफकडेच वळतो.

मग प्रश्न उरतो टेबलाचा. पाचजण खेळतात, पुस्तक एकाने घेतलेलं असतं, आणि बाकीचे ‘ग्रुपवर टाक ना’ म्हणतात. टाकायचं की नाही? परवान्याची भाषा नाही म्हणते, दोस्तीची भाषा हो म्हणते. आमच्या टेबलावर तळाशी ज्याचं नाव आहे त्याचा शब्द शेवटचा. तो खेळाच्या दिवशी टॅबलेट मधे ठेवतो, फाइल हलत नाही. नाव नसतं तर कुणी विचारलंही नसतं.

एका पानापुरती मात्र परवानगी आधीपासून आहे. पात्राची माहिती भरायचा जो तक्ता असतो, ती कॅरॅक्टर शीट, त्याच्या तळाशी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचे प्रकाशक स्वतःच लिहितात की वैयक्तिक वापरासाठी याच्या झेरॉक्स काढायला हरकत नाही. तेवढं पान घेऊन स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचं आणि पाच प्रती सांगायच्या. पाठपोट नको म्हणून आधीच बजावायचं, नाहीतर पाच पात्रं तीन कागदांत येतात.