किडचा खजिना आणि सुरतेची वाट

देवळाचा पाया उकरायला घेतला की कोणत्याही गावात गुप्तधनाची गोष्ट निघतेच. कोणी म्हणतो, मोहरांचा हंडा आहे. कोणी म्हणतो, त्यावर नाग बसलेला आहे. आणि एखादा म्हातारा तर जागासुद्धा बोटाने दाखवतो. खोदणाराला बहुधा जुन्या विटा आणि खापरे मिळतात. तरीही गोष्ट मरत नाही. पुरलेल्या धनाच्या अशाच गोष्टी साता समुद्रापलीकडेही चालत आलेल्या आहेत. त्यांतली सर्वांत गाजलेली गोष्ट कॅप्टन किड या स्कॉटिश दर्यावर्दीची. विलायतेत आणि अमेरिकेत तीनशे वर्षे लोक त्याच्या खजिन्यासाठी बेटे उकरीत आले. मात्र ते धन मुळात आपल्या सुरतेच्या व्यापाऱ्यांचे होते, हे सांगायचे तिकडच्या गोष्टीत बहुधा राहूनच जाते. सुरत आपल्याला परकी नाही. म्हणून ती हकीकत येथे देत आहे.

सुरतेचे आणि या मुलखाचे नाते आगगाडीपेक्षा पुष्कळ जुने आहे. मोगल काळात सुरतेहून बऱ्हाणपूरला जाणारा हमरस्ता नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आपल्या खानदेशातून जात असे. १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेला उतरला आणि शहाजादा परवेझच्या भेटीसाठी बऱ्हाणपूरला गेला, तो नंदुरबारवरूनच. पुढे ताव्हर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला. नवापूरच्या बारीक तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो व मोठमोठे सरदार तोच तांदूळ खातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. बऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, थेट कैरोपर्यंत जाते, हेही त्यानेच नोंदविले. १६६६ च्या सुमारास नंदुरबारला इंग्रजांची वखार होती. रनाळ्याच्या पंचक्रोशीतून बैलगाड्या व लमाणांचे तांडे जात, त्यांचे शेवटचे ठिकाण म्हणजे सुरतेचा बारा. तेथून माल जहाजावर चढे आणि मोखा, जेद्दा अशा अरबी बंदरांत विकून त्याचे सोने-रुपे परत येई. हाज यात्रेकरूही त्याच जहाजांतून जात-येत. सुरतेचे दार बंद झाले की त्याचा धक्का बऱ्हाणपूरपर्यंत बसे.

ते दार बंद पडण्याचा प्रसंग १६९५ साली आला. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सुरतेकडे परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे बादशाही जहाज हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने गाठले. खाफीखान हा इतिहासकार त्या काळचाच. तो सांगतो की जहाजावर ऐंशी तोफा आणि चारशे बंदुका होत्या आणि माल विकून आलेले बावन्न लाख रुपयांचे सोने-रुपे होते. एवढ्या सरंजामापुढे चाच्यांचे जहाज ते काय? परंतु पहिल्याच माऱ्यात जहाजावरची एक तोफ फुटून आपलीच माणसे मेली, चाच्यांच्या गोळ्याने डोलकाठी जायबंदी झाली, आणि इब्राहिमखान नावाचा नाखुदा लढायचे सोडून तळघरात पळाला. तेथे त्याने दासींच्या डोक्यांवर पागोटी बांधून त्यांना लढायला वर पाठवले, असे खाफीखान संतापाने लिहितो. पुढे काही दिवस त्या जहाजावर जे अत्याचार झाले, त्यांचे वर्णन गावच्या देवळाच्या पुस्तकात करणे बरे नव्हे. अब्रू वाचविण्यासाठी कित्येक स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या, एवढे सांगितले तरी पुरे.

ही बातमी सुरतेला पोहोचताच शहर खवळले. सुभेदार इतिमादखानाने वखारीचा मुख्य सॅम्युएल ॲन्स्ले आणि त्याचे सर्व इंग्रज बेड्या घालून कोंडले. वखारीतून त्यांची सुटका व्हायला पुढचे साल उजाडले. बादशहा औरंगजेब त्या वेळी भीमाकाठी ब्रह्मपुरीस, म्हणजे आजच्या सोलापूर जिल्ह्यात, मराठ्यांशी झुंजत छावणी टाकून बसला होता. तेथून इंग्रजांचा व्यापार बंद करण्याचे हुकूम सुटले. यात्रेकरूंच्या जहाजांना आपली लढाऊ जहाजे राखणीला देऊ, असे इंग्रजांनी कबूल केले, तेव्हा प्रकरण थंडावले. एव्हरी मात्र निसटला तो निसटलाच. त्याच्या काही खलाशांना १६९६ साली लंडनला फाशी झाली.

आता किड. चाच्यांचा बंदोबस्त करावा म्हणून इंग्लंडच्या राजाने ज्याला सनद दिली, तोच हा विल्यम किड! त्याच्या जहाजाचे नाव ‘ॲडव्हेंचर गॅली’, तोफा चौतीस. भांडवल विलायतेतील बड्या सरदारांचे, आणि त्यांत प्रमुख लॉर्ड बेलोमाँट. खलाशांशी करार असा की लूट मिळाली तर वाटा, नाही मिळाली तर पगार नाही. या एका अटीत पुढचा सगळा अनर्थ भरलेला होता, असे माझे मत आहे. उपाशी माणसाला राखणीला बसवले आणि सांगितले की चोर सापडला तरच भाकरी, तर तो किती दिवस वाट पाहील?

१६९७ च्या ऑगस्टमध्ये किडने तांबड्या समुद्राच्या तोंडाशी यात्रेकरूंच्या ताफ्यावर नजर ठेवली. त्या ताफ्याच्या राखणीला ‘सेप्टर’ हे कंपनीचे जहाज होते. त्यावरच्या एडवर्ड बार्लोने कंपनीचे निशाण चढवून तोफा डागल्या आणि किडला हुसकावले. तेथून किड आपल्या पश्चिम किनाऱ्याला आला. वाटेत एक लहान जहाज अडवून त्याने आतल्या माणसांचे हात बांधून त्यांना टांगले आणि नागव्या तलवारींच्या पाठींनी बडवले. प्रश्न एकच, पैसा कोठे लपवला आहे? मिळाले फारच थोडे. सप्टेंबरात तो पाणी-लाकडासाठी कारवारला थांबला. तेथल्या इंग्रज वखारवाल्यांना त्याचा रंग तेव्हाच कळून चुकला, आणि त्याचे काही खलाशी तेथेच पळून गेले. गोव्याहून पोर्तुगीजांची दोन लढाऊ जहाजे त्याच्यावर आली, त्यांच्याशी झुंज देऊन तो दक्षिणेकडे सटकला.

वर्ष उलटून गेले होते, लूट नाही, जहाज गळू लागले होते आणि खलाशी कुरकुरत होते. ३० ऑक्टोबर १६९७ रोजी मलबारच्या समुद्रात त्याचा भडका उडाला. विल्यम मूर हा जहाजावरचा गोलंदाज. समोर आलेले जहाज किडने का सोडून दिले, यावरून दोघांत बोलाचाली झाली. किडने त्याला कुत्रा म्हटले. मूर उलटून म्हणाला की मी कुत्रा असेन तर तूच मला तसा केलास, तूच आमचे वाटोळे केलेस. किडने जवळच पडलेली लोखंडी कड्यांची लाकडी बादली उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. मूर दुसऱ्या दिवशी मेला. चाच्यांच्या कथांतून आपण तलवारींचे द्वंद्व वाचतो. येथे तलवार नव्हती, पट्टा नव्हता. एक बादली आणि एक शिवी. किडचा गळा पुढे याच बादलीने आवळला.

तीन महिन्यांनी, ३० जानेवारी १६९८ ला, कोचीनच्या बाजूला त्याला ‘क्वेडा मर्चंट’ हे मोठे जहाज सापडले. बंगालहून सुरतेला चाललेले. आत रेशीम, मलमल, साखर, अफू, सोरा, लोखंड. नाखुदा राइट नावाचा इंग्रज, भाडेकरू व्यापारी अर्मेनियन, आणि मालात मोठा हिस्सा औरंगजेबाच्या दरबारातील मुखलिसखान या उमरावाचा! किडने कपटाने फ्रेंच निशाण लावले. फ्रेंचांपासून भय नको म्हणून जहाजवाल्यांजवळ फ्रेंचांचा परवाना होता, तो त्यांनी दाखवला. परवाना हाती येताच किडने इंग्रजी निशाण चढवले. फ्रेंचांची जहाजे धरायची त्याला सनदच होती. परवाना फ्रेंच, म्हणून जहाज फ्रेंच, असा त्याचा कावा.

मग घासाघीस सुरू झाली. कोजी बाबा नावाचा अर्मेनियन व्यापारी जहाजावर होता. त्याने जहाज व माल सोडविण्यासाठी वीस हजार रुपये देऊ केले. भोवती नंग्या तलवारींचे भुकेले खलाशी आणि मध्ये एकटा व्यापारी सावकारी रीतीने किंमत बोलतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणावे. किड म्हणाला, ही तर फार थोडी रक्कम झाली, माल याहून पुष्कळ किमतीचा आहे. सौदा फिसकटला. थोडा माल किडने मलबारातच विकला आणि उरलेला घेऊन तो मादागास्करला गेला. तेथे त्याचे बहुतेक खलाशी त्याला सोडून दुसऱ्या चाच्याला मिळाले. आपले गळके जहाज टाकून सुरतेच्या याच जहाजात बसून तो अमेरिकेच्या वाटेला लागला.

इकडे सुरतेत पुन्हा तोच प्रकार. मुखलिसखानाचा माल गेला म्हटल्यावर इंग्रजांच्या वखारीभोवती पहारे बसले. यावेळी सुभेदाराने इंग्रज, डच व फ्रेंच तिघांनाही धारेवर धरले आणि समुद्राची राखण त्यांच्यात वाटून दिली. येथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. सतराव्या शतकाच्या त्याच अखेरीस मराठ्यांच्या आरमारात कान्होजी आंग्रे वर येत होते. आपल्या राजाच्या वतीने दस्तक देणाऱ्या, दस्तक नसलेली जहाजे अडवणाऱ्या त्या सरखेलांना इंग्रज बखरकार चाचा म्हणतात. राजाची सनद खिशात घालून सुरतेची जहाजे लुटणारा किड मात्र त्यांच्या पुष्कळ पुस्तकांत ‘दुर्दैवी कप्तान’ असतो. असो.

किड १६९९ च्या वसंतात वेस्ट इंडीज बेटांत पोहोचला, तेव्हा आपल्याला चाचा ठरवून पकडण्याचा हुकूम निघाला आहे, हे त्याला कळले. त्याने मोठे जहाज हिस्पानिओला बेटाजवळ सोडले आणि एका लहान गलबतातून न्यूयॉर्क गाठले. त्या प्रांतांचा गव्हर्नर होता त्याचाच जुना भागीदार बेलोमाँट. आता घासाघीस या दोघांत. किडने वकिलामार्फत जप्त केलेले फ्रेंच परवाने पाठवले, बेलोमाँटच्या पत्नीला जवाहिराची डबी पाठवली. बेलोमाँटने उलट लिहिले की तू निर्दोष असशील तर माफी मिळवून देईन. दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. म्हणूनच बोस्टनला जाण्यापूर्वी किडने गार्डिनर नावाच्या बेटावर, तेथल्या मालकाला सांगून, काही पेट्या पुरून ठेवल्या. खजिना हाती असेतोवर जीव सुरक्षित, हा त्याचा हिशेब. तो चुकला. ६ जुलैला त्याला बोस्टनमध्ये पकडले, आणि बेलोमाँटचा हुकूम जाताच गार्डिनरने पुरलेले सर्व उकरून आणून दिले.

जगभर ज्याच्या कथा झाल्या, तो खजिना एवढाच! त्याची व इतर ठिकाणी सापडलेल्या मालाची यादी झाली, ती अशी: सोने १,१११ औंस, रुपे २,३५३ औंस, थोडी रत्ने, साखरेची ५७ पोती आणि मालाचे ४१ गठ्ठे. साखरेची पोती आणि गठ्ठे! चाच्यांच्या गोष्टींतल्या चित्रांत हे कधी दिसत नाहीत. त्यांतला माल खानदेशचा नव्हता, जहाज बंगालहून आले होते, हे खरे. पण पोते आणि गठ्ठा या वस्तू आपल्या लोकांनी ओळखाव्यात. कोणीतरी ऊस गाळला होता, कोणीतरी मागावर बसला होता.

लंडनला नेऊन किडवर ८ व ९ मे १७०१ ला खटला चालला. पहिला आरोप मूरच्या खुनाचा. त्यात दोषी ठरल्यावर चाचेगिरीचे आरोप नुसते ओळीने लागले. ज्या दोन फ्रेंच परवान्यांवर त्याची सारी भिस्त होती, ते कोर्टात आलेच नाहीत. ते लंडनच्या सरकारी दप्तरात विसाव्या शतकात सापडले! शेवटची घासाघीस त्याने फाशीच्या छायेत केली. पार्लमेंटचे सभापती हार्ले यांना त्याने पत्र लिहिले की मी एक लाख पौंडांचा माल व धन लपवून ठेवले आहे, मला कैदी म्हणूनच जहाजावर न्या, मी जागा दाखवतो. कोणी ऐकले नाही. २३ मे १७०१ ला थेम्स नदीकाठी त्याला फासावर चढवले. पहिल्या वेळी दोर तुटला, म्हणून दुसऱ्यांदा चढवले. प्रेत डांबर लावून नदीकाठी टांगून ठेवले, येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांनी पाहावे म्हणून. त्या एक लाख पौंडांच्या थापेतूनच पुढच्या पिढ्यांचा फावडा-कुदळीचा उद्योग सुरू झाला.

जप्त मालाचे सहा हजारांवर पौंड आले, ते लंडनजवळ ग्रीनिच येथील जायबंदी खलाशांच्या आश्रमाला देण्यात आले. त्यांतले काही सुरतेच्या वाटेला फिरकले नाही.

‘क्वेडा मर्चंट’चे काय झाले? किडच्या मागे ठेवलेल्या माणसांनी उरलासुरला माल विकून ते जाळले. २००७ साली डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या कॅटालिना बेटाजवळ, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर उथळ पाण्यात त्याचे अवशेष सापडले. वर तोफांचा ढीग, नांगर, आणि खाली वाळूत जहाजाच्या तळाची लाकडे. ती सागाची निघाली. पाण्याखालच्या त्या जागेचे २०११ साली संग्रहालय केले आहे. मोहरा सापडल्या नाहीत.